एकटा ग्रंथपाल आणि सर्जापूर रोड

बंगळुरूचा सर्जापूर रोड कोरमंगलातून निघतो तिथेच सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजचे मोठे आवार आहे. पुढे आगरा, इब्बलूर, दोड्डकन्नेल्ली, कार्मेलाराम, दोम्मसंद्रा अशी एकेक जुनी गावे गिळत रस्ता आनेकल तालुक्यातल्या सर्जापूरला पोहोचतो. जुन्या गॅझेटियरांत हे गाव सुती कापड विणणाऱ्यांचे म्हणून येते. आज त्याच्याजवळ, बुरुगुंटे इथे, अझीम प्रेमजी विद्यापीठ उभे आहे. एका टोकाला १९६३ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय, दुसऱ्या टोकाला २०१० च्या कायद्याने आलेले विद्यापीठ, आणि मध्ये साऱ्या जगासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्यांच्या इमारती.

या इमारतींच्या सावलीत अभियांत्रिकी, व्यवस्थापन, नर्सिंग, फार्मसीची कितीतरी महाविद्यालये आहेत. भारतातल्या कोणत्याही मध्यम महाविद्यालयात असते तसेच त्यांचेही ग्रंथालय: एक ग्रंथपाल, एखादा सहायक, एक परिचर. संगणक बिघडला की संगणकशास्त्र विभागातल्या एखाद्या अध्यापकाला गाठायचे, तो तासावर असेल तर थांबायचे. शेजारच्या इमारतीत हजार अभियंते बसतात याचा या ग्रंथपालाला काडीचा उपयोग नसतो. तरीही गेल्या चाळीसेक वर्षांत अशाच माणसांनी कार्डांच्या कपाटातून ग्रंथालय बाहेर काढले आणि संगणकावर आणून बसवले. तंत्रज्ञ हाताशी नसताना हे जमले कसे, याची उत्तरे बऱ्याच अंशी बंगळुरूतच सापडतात आणि त्यांतले काही धागे महाराष्ट्रात जातात.

एक धागा तर थेट खानदेशात जातो. दोड्डकन्नेल्लीत जिचे मुख्यालय आहे त्या विप्रोचा जन्म १९४५ चा, अमळनेरचा. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने तिथे वनस्पती तूप निघत असे. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून गाशा गुंडाळल्यावर देशी संगणकांना जागा मोकळी झाली आणि तुपाची कंपनी संगणक बनवू लागली. त्याच पैशातून पुढे अझीम प्रेमजी प्रतिष्ठान आले आणि प्रतिष्ठानातून विद्यापीठ. साने गुरुजींनी जिथे शिकवले, जिथे १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, त्या अमळनेरचे सर्जापूर रोडशी असे नाते आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून अभ्यास करणाऱ्या मराठी मुलांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल, कोण जाणे.

ग्रंथालयात नवे तंत्र येणे म्हणजे संगणक येणे, असे आता वाटते. शंभर वर्षांपूर्वी ते नवे तंत्र म्हणजे कार्ड होते. पाच इंच बाय तीन इंच, खालच्या कडेला भोक, भोकातून गेलेली सळई. बांधीव सूचीत नवे पुस्तक घालायचे तर पान चिकटवावे लागे. कार्ड मात्र हव्या त्या जागी सरकवता येई. हे तंत्र मराठी राजाने आणले तेव्हा त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्याला बोलावले आणि दुसऱ्याच वर्षी बॉर्डनने ग्रंथालयाचे काम शिकवणारा वर्ग काढला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे नियतकालिक निघू लागले, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. बॉर्डन काही वर्षांत मायदेशी परतला तरी बडोद्याचे काम थांबले नाही, कारण ते जाणणारी माणसे मागे होती, ज. स. कुडाळकर हे त्यांतले ठळक नाव.

बंगळुरूला असे शिकवणारे मिळाले ते शियाळी रामामृत रंगनाथन यांच्यामुळे. गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बंगळुरूत काढली. १९६२ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली त्यांनी इथे डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर सुरू केले. ग्रंथालयाच्या वर्तुळात त्याला सगळे डीआरटीसी म्हणतात. संशोधन आणि प्रशिक्षण हे दोन्ही शब्द नावातच आहेत, आणि संस्था या दोन्हींना जागली. इथे शिकून बाहेर पडलेली माणसे देशभरच्या प्रयोगशाळांत, संस्थांत, विद्यापीठांत ग्रंथपाल झाली आणि पुढे संगणक आला तेव्हा त्यांना ‘हे काय असते’ हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. नोंद म्हणजे काय, नोंदीत कोणती क्षेत्रे असतात, ती कोणत्या क्रमाने लावायची, हे त्यांना आधीच येत होते. त्यांना फक्त यंत्र नवे होते.

त्या यंत्रासाठीचे, म्हणजे छोट्या संगणकांसाठीचे सॉफ्टवेअर १९८५ च्या शेवटी युनेस्कोने आणले. नाव सीडीएस-आयसिस. ते फुकट होते. भारतात वाटपाचे काम निसॅट या केंद्र सरकारच्या माहिती यंत्रणेकडे होते आणि तिने नुसत्या फ्लॉप्या न वाटता जोडीला प्रशिक्षणवर्गही घेतले.

आयसिस आज पाहिले तर हसू येईल. डॉसवर चालणारे, काळ्या पडद्यावर अक्षरे उमटवणारे, माहितीसंचाला सहा अक्षरांपेक्षा मोठे नाव न देणारे. पुस्तकांची देवघेव त्यात मुळात नव्हतीच. पण एकट्या ग्रंथपालासाठी त्यात एक गोष्ट लाखमोलाची होती: त्याला ते स्वतःच्या हाताने वळवता येई. कोणती क्षेत्रे ठेवायची हे तोच ठरवी, नोंद पडद्यावर कशी दिसावी हेही एका छोट्या सूत्रभाषेत तोच लिही. प्रोग्रामर लागत नसे. त्या सूत्रांच्या ओळी लिहिलेले कागद एका ग्रंथालयातून दुसऱ्याकडे जात, आणि ते पाहून तिसरा आपले बसवी. गंमत म्हणजे अनेक ठिकाणी या संगणकाचे पहिले काम कार्डे छापण्याचे होते. नोंद एकदा टंकायची, मग लेखकाचे, शीर्षकाचे, विषयाचे अशी सगळी कार्डे प्रिंटरवर काढायची आणि सळईत ओवायची. याला मागासलेपणा म्हणण्याचे कारण नाही. वाचक कार्डांपाशी जात होता तोवर त्याची सोय कार्डांत होती. कर्मचाऱ्यांचा मात्र टंकलेखनाचा वेळ वाचला आणि नोंदी संगणकात साठत गेल्या.

देवघेवीची उणीव भरून काढायला डेसिडॉक या संरक्षण खात्याच्या माहिती केंद्राने निसॅटच्या साहाय्याने आयसिसवरच ‘संजय’ नावाची जोड तयार केली. आयसिसमधल्या नोंदी आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या साच्यात बाहेर काढता येत, ही मात्र त्याहून दूरगामी गोष्ट. तेव्हा तिचे महत्त्व फार थोड्यांना कळले.

मराठी पुस्तकांची कथा वेगळी आणि बरीच दुःखाची आहे. संगणकाला देवनागरी येत नव्हती, तेव्हा महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत मराठी पुस्तके रोमन लिपीत दाखल होऊ लागली. ‘देशपांडे’ एकवेळ सरळ जाईल. पण ‘श्रीपाद’ एकाकडे एक ‘ई’ घेऊन येतो, दुसऱ्याकडे दोन. ‘ज्ञानेश्वरी’चे स्पेलिंग तर जितके हात तितके. शोधणाऱ्याने कोणते स्पेलिंग टंकायचे, याचे उत्तर ते टंकणाऱ्या सहायकाकडेच, आणि तो बदलून गेला की कोणाकडेच नाही. रंगनाथन यांचा चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो. इथे वाचक आधी कपाटाकडे जाई आणि मग संगणकाकडे.

तोडगा कानपूरच्या आयआयटीत जन्मला आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढला. जिस्ट नावाचे कार्ड संगणकात बसवले की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने इस्की हे अक्षरांचे प्रमाण ठरवून दिले. तत्त्वतः प्रश्न सुटला होता. प्रत्यक्षात जिस्ट कार्ड हा वेगळा खर्च होता, तो बसवायला माणूस लागे, आणि विंडोज आल्यावर जो तो आपापल्या फॉन्टच्या मागे गेला. कोणी सी-डॅकचा योगेश किंवा सुरेख वापरला, कोणी श्री-लिपी. या फॉन्टांत साठवलेल्या मजकुराला इस्कीचा काही आधार नव्हता. फॉन्ट गेला की ‘ययाती’च्या जागी चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हे. युनिकोड रुळले तेव्हा काही महाविद्यालयांनी नोंदी बदलून घेतल्या. अनेक जण दाखल नोंदवही उघडून पहिल्या क्रमांकापासून पुन्हा टंकायला बसले. ग्रंथालयाचे तंत्र बदलताना पुस्तकांच्या नोंदींची राख होते, ती यंत्र बिघडल्याने क्वचितच. नोंदी कोणत्या साच्यात ठेवल्या आहेत हे विकणाऱ्याला कोणी विचारलेले नसते.

याच सुमारास पुण्यात आणखी एक गोष्ट घडली. देशातली विद्यापीठ-ग्रंथालये एका जाळ्यात आणण्याची योजना विद्यापीठ अनुदान आयोगाने आखली आणि १९९१ मध्ये ती पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्राखाली प्रकल्प म्हणून सुरू केली. तारे मोजणाऱ्यांच्या घरी पुस्तकांच्या जाळ्याचा पाळणा हलला. हे इन्फ्लिबनेट १९९६ मध्ये स्वतंत्र झाले आणि गुजरातेत स्थिरावले. २००० च्या फेब्रुवारीत त्याने ‘सोल’ हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर आणले. विकत घेणाऱ्याला परवडेल अशी किंमत होती, आणि राज्याराज्यांत नेमलेले समन्वयक येऊन ते बसवून देत, चार गोष्टी शिकवून जात. २००९ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत युनिकोड होते, म्हणजे मराठी नोंद अखेर मराठीत करता आली.

पुण्यातच अल्गोऱ्हिदम्स या कंपनीचे ‘स्लिम’ही होते आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ महाविद्यालयांनी ते घेतले. त्यामागे साधा हिशेब होता: अडचण आली तर पुण्याला फोन लावता येतो, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो. सॉफ्टवेअरची तुलना करणाऱ्या शोधनिबंधांत हा रकाना नसतो. असायला हवा.

तरीही वर्षानुवर्षे खोक्यात पडून राहिलेली सॉफ्टवेअरे होतीच. ती बाहेर निघाली ती नॅकच्या धाकाने. महाविद्यालयांना श्रेणी देणारी ही परिषद १९९४ मध्ये स्थापन झाली, आणि तिचे मुख्यालय बंगळुरूत, नागरभावीला आहे. महाविद्यालयाने तिला जो स्वयंमूल्यमापन अहवाल पाठवायचा त्यात ग्रंथालयाबद्दल थेट प्रश्न आहे: संगणकीकरण झाले आहे का, सॉफ्टवेअरचे नाव काय, ते पूर्ण की अंशतः, आवृत्ती कोणती, वर्ष कोणते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही महाविद्यालयात ‘यंदा नॅक आहे’ हे शब्द उच्चारले की रंगारी, सुतार आणि बारकोड चिकटवणारी मुले एकाच महिन्यात का दिसू लागतात, त्याचे कारण इथे आहे. कंत्राटावर नोंदी टंकून घेतल्या जातात, दर नोंदीमागे पैसे ठरतात, आणि वेगाने टंकणाऱ्या मुलाला लेखक कोण आणि संपादक कोण याने काय फरक पडेल? नॅकने ग्रंथालयांत संगणक आणला हे खरे. त्या घाईत झालेल्या चुका ग्रंथपाल पुढे कैक वर्षे सुधारत बसतो, हेही तितकेच खरे.

वैद्यकीय ग्रंथालयांनी दुसरी वाट धरली. सेंट जॉन्ससारख्या महाविद्यालयात प्रश्न पुस्तकांच्या सूचीपेक्षा नियतकालिकांतल्या लेखांचा असतो. १८७९ पासून त्यासाठी ‘इंडेक्स मेडिकस’चे जाडजूड खंड होते, निवासी डॉक्टरने विषय शोधायचा, महिन्यामागून महिन्याचा अंक उलटायचा, सापडलेले संदर्भ कागदावर उतरवायचे आणि मग ते नियतकालिक ग्रंथालयात आहे का ते पाहायचे. नंतर तीच माहिती सीडीवर आली. तिच्यासाठी निराळा संगणक, वर्गणीच्या चकत्या, आणि शोधाची भाषा जाणणारा ग्रंथपाल मध्यस्थ. १९९७ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने पबमेड सर्वांना खुले केले आणि मध्यस्थाची गरज पुष्कळ कमी झाली. छापील ‘इंडेक्स मेडिकस’ २००४ अखेर बंद झाला.

संदर्भ फुकट मिळाला तरी मूळ लेख महाग होता. कर्नाटकात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २००३ मध्ये हेलिनेट सुरू केले. संलग्न महाविद्यालयांनी वर्गणी एकत्र करायची, प्रकाशकांशी सौदा विद्यापीठाने करायचा, आणि नियतकालिके सर्वांना इंटरनेटवर मिळायची. यात महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला सर्व्हर सांभाळायचा नव्हता, काही बसवायचे नव्हते, बॅकअप घ्यायचा नव्हता. किचकट भाग जयनगरातल्या विद्यापीठाने अंगावर घेतला. तंत्रज्ञ नसलेल्या संस्थेसाठी हाच सर्वांत सोपा मार्ग, आणि तिची सर्वांत मोठी जोखीमही इथेच आहे: वर्गणी थांबली की छापील अंकांसारखे कपाटात काही उरेलच असे नाही. अनुदान आयोगाच्या महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटने २०१० मध्ये एन-लिस्ट काढले तेही याच धर्तीवर, आणि कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या महाविद्यालयाला पहिल्यांदा हजारो नियतकालिके दिसली ती त्यामुळेच.

तिसरी वाट भारतीय विज्ञान संस्थेतून निघते. तिथे १९८३ पासून अनुदान आयोगाचे राष्ट्रीय विज्ञान माहिती केंद्र होते. देशभरच्या संशोधकांना त्यांच्या विषयावर नवे काय छापून आले ते कळवणे हे त्याचे मूळ काम. टी. बी. राजशेखर यांच्या काळात या केंद्राने ग्रंथपालांना दीर्घ मुदतीचे प्रशिक्षण दिले, आणि शिकायला दिली ती जगभरची मुक्त सॉफ्टवेअरे. साउथॅम्प्टन विद्यापीठाने २००० मध्ये खुले केलेले ईप्रिंट्स या केंद्राने २००२ मध्ये बसवले, आणि संस्थेतल्या संशोधकांचे लेख त्यात ठेवायला सुरुवात केली. देशातला हा पहिला संस्थात्मक संग्रह. डीआरटीसीने त्याच सुमारास एमआयटीचे डीस्पेस धरले आणि ग्रंथपालांसाठी स्वतःचा संग्रह उघडला. राजशेखर २००५ मध्ये गेले. त्यांच्याकडे शिकलेली मंडळी तोवर गावोगावी पोहोचली होती.

सर्जापूरच्या विद्यापीठाचे प्रकाशनसंग्रह पाहिले की ही वाट कुठे गेली ते दिसते. तिथल्या अध्यापकांचे लेख ईप्रिंट्सवर आहेत. ‘अनुवाद संपदा’ हा शिक्षणविषयक मजकुराच्या कन्नड आणि हिंदी भाषांतरांचा संग्रहही त्यावरच. पैशाची अडचण नसलेल्या संस्थेने फुकटचे सॉफ्टवेअर घ्यावे, याचे कुणाला नवल वाटेल. पण शहरात ते जाणणारी दोन पिढ्यांची माणसे असताना दुसरे काही घेणेच नवलाचे ठरले असते. या संग्रहात मराठीचा कप्पा नाही, एवढी रुखरुख मात्र अमळनेरकरांना वाटायला हरकत नाही.

ग्रंथालयाच्या रोजच्या कामासाठी मुक्त सॉफ्टवेअर हवे तर आज बहुतेकांच्या तोंडी कोहाचे नाव येते. त्याचा जन्म न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या ग्रामीण जिल्ह्यातला. तिथल्या ग्रंथालय न्यासाचे जुने सॉफ्टवेअर सन २००० ची तारीख ओलांडू शकणार नव्हते. बाजारातली सॉफ्टवेअरे महाग, आणि शाखांना जोडायला त्यांना सतत चालू राहणारी महागडी तार लागायची. न्यासाने कटिपो या छोट्या कंपनीकडून साध्या टेलिफोनवर, ब्राउझरमधून चालेल असे काही लिहून घेतले. २००० च्या जानेवारीत ते सुरू झाले आणि लगेच सगळ्यांसाठी खुले केले गेले. ज्यांच्याकडे तंत्रज्ञ नाही, पैसे नाहीत आणि फोनची लाइन रडतखडत चालते अशांनी स्वतःसाठी बनवलेली ही गोष्ट. भारतातल्या महाविद्यालयांना ती मानवली यात आश्चर्य नाही.

अडसर मात्र होता, आणि तो कोहाचा नव्हता. कोहा लिनक्सवर चालते. विंडोजवर वाढलेल्या ग्रंथपालाला काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायच्या म्हणजे धडकी भरे. आयसिसच्या पिढीला डॉसची जी सवय होती ती एव्हाना मोडली होती. मार्ग ग्रंथपालांनीच काढला. केरळात सगळे आधीच बसवलेली डीव्हीडी तयार झाली. ती संगणकात घालायची, कोहा चालू. टप्प्याटप्प्याने काय करायचे याच्या पुस्तिका फिरू लागल्या, चित्रफिती निघाल्या, कार्यशाळा झाल्या. आयसिसच्या सूत्रांचे कागद हातोहात जात होते तसेच हे. ज्यांच्या जुन्या नोंदी प्रमाण साच्यात होत्या त्यांचे स्थलांतर आठवड्यांत उरकले. बाकीचे पुन्हा दाखल नोंदवहीपाशी.

आता सर्व्हर ग्रंथालयात ठेवण्याचीही गरज उरलेली नाही. वर्षाला ठरावीक रक्कम भरली की कोणीतरी तो दूर कुठेतरी चालवतो, आणि ही सेवा देणाऱ्या छोट्या कंपन्या महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पुष्कळ झाल्या आहेत. कोहाची नवी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. ती चढवायची कोणी, आधी चाचणी कुठे घ्यायची, चुकले तर परत कसे यायचे, हे करारात लिहिलेले असेलच असे नाही. पुष्कळ ग्रंथालयांत मग बसवताना होती तीच आवृत्ती पुढच्या नॅकपर्यंत चालते, आणि अहवालातला आवृत्तीचा रकाना भरायची वेळ आली की ग्रंथपाल पडद्यावर ती कोणती ते पाहतो.